याले काढू नको

सर्व्हर पुन्हा पडला आणि पडद्यावर तीच लाल ओळ आली: 'गाडी' नावाचं मॉडेल नोंदलेलंच नाही.

नीलमने कपाळाला हात लावला. नोंदलेलं नाही म्हणजे काय? फाइल तर डोळ्यांसमोर होती. शेतकरी, माल, गाडी, प्रत्येक नोंदीचा एकेक साचा, एकेक फाइल, सगळं ललितदादाने अमरावतीच्या याच घरात बसून लिहिलेलं. अंजनगावच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांचं ते ॲप. अकोल्याला जाणाऱ्या गाडीतल्या जागेची नोंदणी त्यावर रोज दुपारी एकला सुरू व्हायची. आता साडेबारा झाले होते. शेतकरी गटाचे शालिकरामभाऊ सकाळीच सांगून चुकले होते, आज बंद राहिलं तर उद्यापासून दुसऱ्याचं ॲप घेऊ. त्यांचंही खरंच होतं, कोथिंबीर काय कोणासाठी थांबते? पण दादाला जाऊन आठ महिने झाले होते आणि त्याचं चालतं असं एवढंच उरलं होतं.

बरं, बिघडवलं कोणी? तिनेच. हात दाखवून अवलक्षण. काल तिला साफसफाईची लहर आली. एडिटरमध्ये एक बटण असतं, ज्या ओळींचा पुढे कुठे उपयोग दिसत नाही त्या एका फटक्यात काढून टाकतं. तिने ते दाबलं, बरं वाटलं, आणि त्याच तारेत जेवताना आईवरही घसरली. चतुराबाई रोज ताटं वाढण्याआधी आतल्या खोलीकडे तोंड करून लेकाला हाक मारायची. काल नीलम म्हणाली, पुरे कर आता, कोणाले बोलावून राहिली तू?

ॲप जिथून सुरू होतं त्या पहिल्या फाइलवर नीलम परत गेली. दोघं मिळून काम करायचे तेव्हाची दादाची टीप वर तशीच होती. ते बटण टिपांना हात लावत नाही. टिपेखालची, 'गाडी'ची फाइल बोलावणारी ओळ मात्र गेली होती.

'नीलू, याले काढू नको. पुढं कुठी वापरत नाही, पण सुरुवातीले एकदा बोलावलं नाही तं बाकीच्यायले सापडत नाही.'

खोलीत कोणी असल्यासारखं तिने मागे वळून पाहिलं. मग जुन्या प्रतीतून ती ओळ आणून जागच्या जागी ठेवली आणि सर्व्हर चालू केला. चालला. एक वाजून दोन मिनिटांनी पहिली नोंद पडली: वांगी, चार कॅरेट.

स्वयंपाकघरात आईने आज हाक न मारताच दोन ताटं वाढली होती. नीलम बसली, भाकरीचा तुकडा मोडला, पण घास काही वर जाईना. शेवटी तिनेच आतल्या खोलीकडे तोंड केलं.

"दादा, जेवाले ये."

आपलाच आवाज तिला परका वाटला. चतुराबाईने तिच्याकडे पाहिलंही नाही. उठली, फडताळातून तिसरं ताट काढलं, पदराने पुसलं आणि मांडलं. नीलमने पुन्हा घास उचलला, तसा आईने तिचा हात धरला.

"थांब," ती म्हणाली. "हातपाय धून राहिला असन."