तीन पाण्यांचा खिमा

पुढल्या रविवारचा खिमा रत्नप्रभा करील, असं द्रौपदीबाईंनी सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर सांगितलं. सुगंधाच्या हातातला डाव टोपातच राहिला. धाकट्या दिराचं, लवूचं रत्नाशी लग्न होऊन जेमतेम महिना झाला होता आणि धाकट्या जावेच्या हाती स्वयंपाकघर चाललं होतं.

“सुगंधा सांगेल तुला कसा करायचा तो,” सासूबाई रत्नाला म्हणाल्या. “मी तिला सांगितलाय तस्साच कर.”

मालाडच्या त्या दोन खोल्यांत रविवारी खिमा हा नेमच होता. सकाळी टोपभर करून ठेवला की दिवसभराची काळजी मिटली. दुपारी भाकरीबरोबर, संध्याकाळी पावात. सोमवारी घरात मांसमच्छी चालत नसे, म्हणून उरलेला शेजारच्या अंबादासकडे जाई. आणि बारा वर्षांत तो उरला नाही असा एक रविवार गेला नव्हता. सहदेव बायकोचं मन राखायचं ठरवूनच पानावर बसे, पण पहिला घास पोटात गेला की म्हणेच, “चांगला झालाय गं. पण आईच्या हातची चव नाही.” सासूबाई तेव्हा खाली मान घालून भाकरी मोडत असत.

सुगंधा खारदांड्याची, कोळ्यांची. माहेरी मासळी रोजची, खिमा कधी शिजलाच नव्हता. सहदेवने आईच्या मनाविरुद्ध तिला आणली, आणि त्याच आठवड्यात द्रौपदीबाईंनी डाव तिच्या हातात दिला. आता तुझं राज्य, असं म्हणून त्या गॅलरीत जाऊन बसल्या, त्या पुन्हा स्टोव्हपाशी आल्या नाहीत. कृती तेवढी तोंडी सांगितली, एकेक गोष्ट बोटांवर मोजून. खिमा तीन पाण्यांत धुवायचा. मुठीत घट्ट पिळायचा. कांदा-खोबरं काळपट भाजायचं. मालवणी मसाला सढळ हाताने, आणि उतरवताना कोकम.

सुगंधाने खाटीक बदलून पाहिला, गावचा मसाला मागवून पाहिला, टोप सोडून मातीचं भांडं घेऊन पाहिलं. तीन पाणी मात्र तिने कधी चुकवली नाहीत. मासे पाच पाण्यांत धुणाऱ्या घरातली मुलगी ती, धुण्यात कशाला कसूर करील?

बारा वर्षं एकच वाक्य ऐकून ऐकून तिच्या मनाला घट्टे पडले होते. आता तर डावही जाणार. रत्नाने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. सासूने पसंत करून आणलेली, एवढाच तिचा गुन्हा. पण सासूला बोलायची सोय नसली की माणूस वड्याचं तेल वांग्यावर काढतं, तसं सुगंधाने काढायचं ठरवलं.

शनिवारी संध्याकाळी रत्ना वही घेऊन बसली. सुगंधाने सगळं खरं सांगितलं. कांदा किती, खोबरं किती, मसाला कधी. खोटं एकच सांगितलं.

“खिमा धुवायचा नाही. आणला की तसाच टोपात टाकायचा.”

रत्नाची पेन्सिल थांबली. “न धुता? ताई, आईंना चालेल ना?”

“आईंचीच कृती आहे,” सुगंधा शांतपणे म्हणाली.

रत्नाने ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. पोर भोळी होती. सुगंधाला क्षणभर वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मग तिला सहदेवचं वाक्य आठवलं, आणि सासूबाईंची ती खाली घातलेली मान.

रविवारी द्रौपदीबाई नेहमीसारख्या गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या. आत रत्ना एकटी राबली. सुगंधा मोरीपाशी भांडी घासत होती आणि खिमा थेट कागदातून टोपात पडताना तिने डोळ्यांनी पाहिला. दुपारचं सगळं तिने मनात रचून ठेवलं होतं. पहिल्या घासाला कुणाचं तरी तोंड वाकडं होणार. मग ती हळूच म्हणणार, अगं, धुतला होतास ना गं? रत्ना रडणार, सासूबाई कपाळाला हात लावणार, आणि पुढल्या रविवारी डाव मुकाट सुगंधाच्या हातात येणार.

पानं मांडली. सहदेवने भाकरीचा तुकडा मोडला, खिम्यात बुडवून तोंडात घातला आणि चावायचा थांबला. वाक्य सुगंधाच्या ओठांवर येऊन बसलं होतं.

त्याने दुसरा घास घेतला. मग तिसरा. लवू तर मान वर करायला तयार नव्हता, त्याने न विचारता स्वतःच टोप ओढून घेतला. सहदेवने बोट चाटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, आणि ते तिखटाचं नव्हतं.

“आई,” तो म्हणाला, “हा तुझा खिमा. तुझ्याच हातचा. बारा वर्षांनी खातोय.”

रत्ना लाजून हसली. टोपात अंबादासकडे पाठवण्यापुरतंही उरलं नव्हतं. सुगंधाला काही कळेना. आपण चुकीचं सांगितलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा पहिला घास अजून तोंडातच होता. त्या रत्नाकडे बघत नव्हत्या, मुलांकडेही नाही. या खेपेला त्यांची मान खाली नव्हती. त्या थेट सुगंधाकडे बघत होत्या, आणि एरवी सुनांशी शहरी बोलणाऱ्या त्या बाईच्या तोंडून हळूच गावची बोली निसटली.

“खिमो धुवचो नसता, ह्यां तुका कोणी सांगल्यान?”