थेंबावरची बादली

गॅरेजच्या चकचकीत फरशीवर, एका गाडीच्या मागच्या चाकाला खेटून, पडलेल्या ऑइलवर हौसाबाईंनी बादली पालथी घातली होती. पुसायचं फडकं अजून कोरडंच होतं.

गॅरेजचे शेठ चिडले. "बाई, ऑइल पडलं की लगेच पुसायचं, किती वेळा सांगायचं? फरशीच्या कोटिंगला चार महिनेसुद्धा झाले नाहीत!"

सर्व्हिसिंग झालेली ती गाडी न्यायला गाडीमालक किल्ली घेऊन उभे होते. मागच्या सीटवर त्यांच्या दोन मुली बसल्या होत्या. घाट उतरून कोकणात जायचं होतं.

"तीन दिवस पुसतेय, शेठ," हौसाबाई म्हणाल्या. "ह्याच चाकापाशी. काळं ऑइल नाही, पाण्यासारखं आहे. मी पुसते म्हणून तुम्हाला दिसत नाही. आज मुद्दाम तसंच झाकून ठेवलं."

शेठनी बादली उचलली, थेंब बोटावर चोळला, वास घेतला. ब्रेक ऑइल होतं, ब्रेकमधूनच गळत होतं. त्याखाली फरशीचा रंग रुपयाएवढा फुगला होता, पण शेठनी तिकडे पाहिलंही नाही.

"मुलींना खाली उतरवा," ते गाडीमालकांना म्हणाले.

त्यांनी दार उघडून दोघींना खाली घेतलं. हौसाबाईंनी बादली नळाखाली धरली.

"आता पुसू का?"