बिघडलेली प्रत

अर्धांगाच्या झटक्यानंतर आई बोलेनाशी झाली. मखमलाबादच्या मळ्यात झेंडूशीसुद्धा गप्पा मारणारी बाई माझ्याकडे अनोळखी नजरेनं बघायची. तिनं मला एकदा "मंजे" म्हणून हाक मारावी, एवढंच मला हवं होतं.

मी फूल उत्पादकांच्या सोसायटीत कॉम्प्युटरवर बसायचे. सभासदांची यादी फाइलमध्ये उतरवली, की मराठीचा चिखल व्हायचा:

à¤—à¥‹à¤Ÿà¥€à¤°à¤¾à¤®

लिपीचं सेटिंग बदलून मी अक्षरं सुधारली. आधी छापलेले बिघडलेले कागद घरी नेले, भाजी निवडायला.

आईनं मेथी बाजूला सारली, कागदावर बोट ठेवलं आणि खणखणीत वाचलं, "गोटीराम."

पुढची नावंही बरोबर. सुधारलेली प्रत दिली, तर तिला एक अक्षर लागेना.

दुसऱ्या दिवशी मी सेटिंग मुद्दाम बिघडवलं आणि तिच्यासाठी पत्र छापलं.

"आई, आज जेवायला काय करू?" तिनं वाचलं आणि मान वर केली. "पिठलं कर, मंजे. परवासारखं खारट नको."

मी रडता रडता हसले.

छापलेला मजकूर संपला. आईचं बोट खालच्या कोऱ्या जागेवर सरकलं.

"आई, मला सोडून जाऊ नकोस," तिनं वाचलं.

ही ओळ मी टाइप करून पुसून टाकली होती.

बोट आणखी खाली गेलं. तिथं मी काही टाइपच केलं नव्हतं. आई नुसते ओठ हलवत पान संपेपर्यंत वाचत गेली. मग तिनं माझा हात घट्ट धरला.