चांदणीचं फळ

नात बोलायला लागली, त्या वर्षी मी वाचायला शिकले. त्याच वर्षी धाकट्या भावाची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा तो यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचा आणि घरी येऊन ताटावरून तोंड फिरवायचा.

"अक्का, केळं नको, संत्रं नको, शहाळं नको. मग काय, हवा खाऊ?"

बाजारात एक नवंच फळ दिसलं. पिवळंधमक, पाच धारांचं. फळवालीने आडवं कापलं, तर तळहातावर चांदणीच! "स्टारफ्रूट म्हणतात, मावशी," ती म्हणाली.

घरी येऊन मी दवाखान्याचा पथ्याचा कागद काढला. दोघांत वाचता येणारी मीच. अक्षरावर बोट ठेवत दोनदा वाचला.

"नीट वाच, मास्तरीणबाई," भाऊ हसला. "नाहीतर मारशील मला."

"नाही रे कागदात. खा बिनघोर."

त्याने तीन फळं खाल्ली. रस हनुवटीवर ओघळला. कित्येक महिन्यांनी त्याने "अजून आहे का गं?" असं विचारलं, तेव्हा माझंच पोट भरलं.

संध्याकाळी त्याला उचकी लागली. "कोण एवढी आठवण काढतंय तुझी?" म्हणत मी थट्टा केली. उचकी थांबेना. मग तो मलाच ओळखेना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातातला कागद घेतला आणि उलटा केला.



मागच्या बाजूला पहिलंच नाव स्टारफ्रूटचं होतं; माझा भाऊ तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी वारला.