खोंडाच्या कानातली लोकर

पुरणाचे हात धुवून मंजुळा माळवदाच्या खोलीकडं आली आणि जागीच थिजली. दाराची कडी निघालेली होती. आत गोजर नव्हती.

सहा वर्षांची पोर पोळ्याच्या दिवशी कोंडून ठेवायची, हे काय तिला गोड वाटत होतं? पण करते काय बिचारी. गेल्या पोळ्याला हलगी कडाडली तशी गोजरनं भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं, पार रक्त निघेस्तोवर. नवरा सूर्यभान वाळूजला नव्या कंपनीत पाळीवर. सकाळी लासूर स्टेशनाकडं निघताना बजावून गेला होता, आज कडी काढायची नाय म्हणून.

मंजुळा अनवाणीच वेशीकडं पळत सुटली. हलगी वाजतच होती. दर ठोक्याला तिला पोरीचं फुटलेलं कपाळ दिसत होतं.

वेशीत तोरणापुढं गावची बैलं रांगेनं उभी. सगळ्यांच्या शेवटी, हलगीपासून चांगलं लांब, तिचे सासरे मुंजाबा नवा खोंड धरून होते. खोंडाच्या मानेला बिलगून गोजर. खोंडाच्या दोन्ही कानांत मेंढीची लोकर कोंबलेली. पोरीच्याही. वरून म्हाताऱ्याचा पटका आवळून बांधलेला.

मंजुळा सासऱ्यांवर डाफरली, "मामा, जनावर हाय का ती?"

"कडी म्याच काढली. आठ दिस झाले," मुंजाबा म्हणाले. "खोंड बुजू नये म्हणून बन्सीला हलगी घिऊन मेंढरांच्या वाड्यावर बोलवत व्हतो. पयल्यांदी नुसती बोटानं वाजवली, लांबून. मग रोज जरा जवळून. ही खोंडाला धरून तिथंच बसायची. त्यो बुजला नाय. हीबी नाय."

मंजुळाच्या डोक्यात काही शिरलंच नाही. तेवढ्यात बन्सीनं हलगी जाळावर शेकून परत हातात घेतली. ठोका पडला, रांग हलली. गोजर खोंडासंगं चार पावलं चालली. हसत होती. असं हसताना आईनं तिला फक्त कोकरांत पाहिलं होतं.

पण मंजुळाला त्या क्षणी तेही दिसलं नाही. ती रांगेत घुसली आणि जीव खाऊन ओरडली, "सोडा तिला, मरंल माझी पोर!"

बन्सीचा हात थांबला. सारी वेस गप झाली.

गोजरचं हसू गेलं. खोंडाची मान सोडून तिनं दोन्ही हात कानांवर दाबले आणि धुळीत बसली.

हलगी तर बंद होती. ओरडली होती ती मंजुळाच.

मुंजाबांनी खोंडाला पोरीजवळ उभं केलं आणि अगदी खालच्या आवाजात सुनेला म्हणाले, "बन्सीला हळू वाजवाया शिकवलं. तुला सांगायचं राहिलं, पोरी."

पदराचा बोळा तोंडात दाबून मंजुळा मागं सरली आणि रांगेच्या शेवटी, खोंडाच्याही मागं जाऊन उभी राहिली.