क्लच हळू सोडा

"क्लच हळू सोडा, बाई," मास्तर म्हणाले.

गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. ऐन चौकात. सकाळपासून सहाव्यांदा.

मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला. मास्तरांची कानशिलं तापली. पूर्वीचे मास्तर असते तर बाईंचा पाणउतारा अख्ख्या चौकानं ऐकला असता. तीस वर्षं ते गाडी शिकवत होते, आणि तेवढीच वर्षं शेजारच्या सीटवरून ओरडत होते. दोन विद्यार्थिनी रडत उतरून गेल्या, त्या परत फिरकल्या नाहीत. मग एकदा सिग्नलला ते असे काही उखडले की मागे बसलेली नात थरथर कापायला लागली. घरी पोचल्यावर लेक एवढंच म्हणाली, "बाबा, आता हिला तुमच्या गाडीत बसवणार नाही मी."

त्या आठवड्यात मास्तर बुद्धविहारात जाऊ लागले. श्वासाकडे लक्ष द्यायचं, राग आला की त्याच्याकडे नुसतं बघायचं.

"ज्याच्यामुळे राग येतो, तोच आपल्याला क्षांती, म्हणजे सहनशीलता, शिकवतो," तिथले भन्ते म्हणाले. "त्याचे आभार माना."

हे काही मास्तरांच्या पचनी पडेना. पाडलं ते नातीनं. तिच्या चित्रकथांमधला तो झगेवाला हिरो एवढा का आवडतो, असं त्यांनी विचारलं होतं. ती म्हणाली, "आजोबा, तो एका ठोशात भिंत पाडू शकतो. तरी दार वाजवून आत जातो!"

आणि मग या बाई शिकायला आल्या. चाळीस दिवस झाले, तरी पहिल्याच धड्यावर. आरशात बघायला तेवढ्या विसरत नसत. बाकी सगळं विसरत. डावीकडे म्हटलं की हमखास उजवीकडे.

मागच्या गाडीतला माणूस तणतणत आला आणि काचेवर थापा मारत बाईंना नाही नाही ते बोलला. मास्तरांची मूठ वळली. त्यांनी एक लांब श्वास घेतला. मग खाली उतरले.

"दादा, चूक माझी. शिकवणारा मी आहे. दोन मिनिटं द्या."

भांडायला आलेल्या माणसानं काचेवरचा हात काढला. पुटपुटत तो परत गेला.

मास्तर सीटवर येऊन बसले. "सावकाश करा. रस्ता कुठे पळून जात नाही." पट्टा लावत म्हणाले, "आणि बाई, खरं सांगतो, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. तुम्ही भेटला नसतात तर मी होतो तसाच राहिलो असतो."

बाईंनी पदरानं डोळे टिपले. गाडी सुरू केली. एकही गचका नाही. शेजारचा ट्रक आणि दुभाजक यांच्यामधल्या जेमतेम गाडीपुरत्या फटीतून त्यांनी ती एका दमात, माशासारखी बाहेर काढली.

मास्तर आ वासून बघत राहिले.

"रागावू नका, मास्तर," बाई म्हणाल्या. "अठरा वर्षं रुग्णवाहिका चालवते मी. तुमच्या लेकीनं पाठवलंय."