पॉलिश केलेली बार्ली

संयम हाच उत्तम व्हिस्कीचा आत्मा होय, असं उद्धवने २०१४ साली सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये जाहीर केलं. मग घरीच व्हिस्की गाळायला भिजवलेल्या बार्लीला मोड आले का ते बघायला तिचं ओलं फडकं त्याने तासाभरात चारदा उघडलं.

त्याची बायको मधुमती वनस्पतिशास्त्रात पोस्टडॉक करत होती. दोन वर्षांत लॅबमध्ये तिचं एकही बी उगवलं नव्हतं. शुक्रवारपर्यंत उगवलं नाही, तर नोकरी आणि सिंगापुरात राहायचा पास दोन्ही जाणार होते.

तिने फडक्यात डोकावून पाहिलं. "अरे, ही बार्ली वॉटरची बार्ली! पॉलिश करताना हिचा अंकुरच निघून जातो. हिला मोड येणं शक्य नाही."

"तुझ्या बियांना तरी कुठे येतायत?"

मधुमतीने फडकं परत झाकलं.

सकाळी मोड आले होते. सगळे पांढरे, सगळे एकाच लांबीचे.

उद्धवने बार्ली रीतसर ओव्हनमध्ये सुकवली, दळली आणि कुकरमध्ये शिजवली. संध्याकाळी झाकण काढलं, तर पेजेतून हिरवे कोंब वर आले होते.

"आता गाळू काय? गवत?" तो म्हणाला.

मधुमतीने त्यातले दोन कोंब डबीत घातले आणि मायक्रोस्कोपखाली बघायला लॅबमध्ये नेले.

शुक्रवारी तिचा फोन आला. इतका हलका आवाज त्याने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"उगवलं रे! अख्खा ट्रे हिरवागार!"

मग तिने ट्रेवरचं लेबल वाचलं. त्या ट्रेमध्ये अजून बी पेरलेलंच नव्हतं.